हजेरीत २३, पोर्टलवर १७: शिक्षण समितीला खुलं पत्र

मा. सभापती, शिक्षण समितीचे सगळे सदस्य आणि शिक्षणाधिकारी साहेब,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावाच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला जी पावरा आदिवासींची वस्ती आहे तिथली पहिली ते चौथीची शाळा येत्या जूनपासून बंद करून पोरं मोठ्या गावच्या शाळेत 'समायोजित' करायची असं पत्र शाळेला आलंय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की सगळं त्या एकट्या गुरुजींवर शेकतं, आणि तसंही चोपडा, यावल, शिरपूर, शहादा कुठलाही पट्टा घ्या, अशी वस्ती आणि अशी शाळा तुम्हाला सापडेलच. हाच मजकूर आधी अर्ज म्हणून रीतसर दिला होता, आवक-जावकचा शिक्का आहे माझ्याकडे, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मी गावातल्या ड वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. ड वर्ग म्हणजे एक खोली, तीन कपाटं, सकाळी पेपर वाचायला येणारे नाना-आबा लोक आणि वर्षातून दोन हप्त्यांत येणारं अनुदान. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मी पिशवीत पुस्तकं भरून त्या वस्तीशाळेत जाते, गोष्टी वाचून दाखवते, ज्यांना वाचता येतं ते घरी नेतात. पगाराचा काही संबंध नाही, माझं कोणी तिथे शिकत नाही.

पण गप्प बसवत नाही त्याला घरचं कारण आहे. माझी मोठी बहीण चौथीत वर्गात पहिली यायची. तेव्हा गावात चौथीपर्यंतच शाळा, पाचवी नाल्यापलीकडच्या गावात. वडील काही वाईट नव्हते, म्हणाले पावसाळा सरू दे मग बघू, पावसाळा सरला तर कापूस वेचणी लागली, वेचणी संपली तोवर वर्ष गेलेलं. 'शाळा सोड' असं तिला कोणी म्हटलंच नाही, ती सुटली. मी तिच्याहून बरीच लहान, माझ्या वेळेपर्यंत गावात सातवीपर्यंत वर्ग आले होते म्हणून मी शिकले, एवढाच फरक. डोक्याने ती माझ्यापेक्षा सरस, आजही आहे, कापसाचा हिशोब तोंडी करते. पण फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर आलं की फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅप करते आणि मी सांगेपर्यंत पंप भरून थांबते.

तर आता मुद्द्यावर येते.

जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याचा कार्यक्रम झाला तालुक्याला, पुस्तकांचं टेबल माझ्याकडेच होतं. तुमच्यातल्याच एका साहेबांनी आनंद यादवांच्या 'झोंबी'वर भाषण केलं, खरंच चांगलं केलं, वाचलेलं दिसत होतं. शेवटी म्हणाले की परिस्थिती कितीही बिकट असू दे, जिद्द असली की मूल शिकतंच. टाळ्या पडल्या. आणि त्याच आठवड्यात वस्तीशाळेचं पत्र निघालं, तारीख बघा.

साहेब, त्या भाषणानंतर मी 'झोंबी' परत काढून बसले. १९८७ ची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली, कागलच्या एका कुळाच्या पोराची, लेखकाची स्वतःचीच म्हणा ना. बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो. पोराला जिद्द आहेच, पण नुसत्या जिद्दीने भागलं असतं तर पुस्तक एवढं जाड झालंच नसतं. होतं काय, तर आई आणि पोरगं बापाच्या नकळत गावातल्या दत्ताजीराव देसाईंकडे जातात, ते बापाला बोलावून झापतात, मग बाप अटी घालतो की दिवस उगवताच मळ्यात यायचं, अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा, आणि आल्यावर ढोरं. तेवढ्यावर पोरगं परत वर्गात बसतं. पुढे सौंदलगेकर मास्तर भेटतात, कविता चालीवर म्हणून दाखवणारे, आणि तिथून त्या पोराचा लेखक होतो.

आता यात दोन गोष्टी बघा ज्या भाषणात आल्या नाहीत. एक, पोराच्या बाजूने उभं राहिलेलं, बाप ज्याचं ऐकेल असं एक मोठं माणूस आणि एक मास्तर, दोघं हाकेच्या अंतरावर. आणि दुसरी, शाळा चालत जाण्यासारखी जवळ. अकरापर्यंत मोटेचं पाणी पाजून ज्याला शाळा गाठायचीय त्याची शाळा नाल्यापलीकडे तीन-साडेतीन किलोमीटरवर असती तर? बापाची अट पाळूनही शिकता आलं कारण शाळा त्या अटीत बसत होती. तुम्ही जिद्दीला टाळ्या दिल्या आणि अंतर वाढवलं.

अजून एक सांगते, हे मला वाचनालयात बसून बसून कळलंय. आपल्याकडे गरीब घरातून शिकून वर आलेल्याच्या कादंबऱ्या, आत्मकथा कपाटभर आहेत. ज्याची शाळा सुटली त्याचं स्वतः लिहिलेलं पुस्तक क्वचितच सापडतं, कसं सापडणार? म्हणजे आपण जी वाचतो ती बहुतेक तरून गेलेल्यांची गोष्ट आहे, आणि त्यावरून आपण ठरवून टाकतो की हिंमत असेल तर जमतं. माझ्या बहिणीचं पुस्तक कोण लिहिणार होतं?

असो. आता तक्रारी एकेक करून सांगते, तुम्हाला टिपण तयार करायला सोपं जाईल.

पहिली तक्रार पट मोजण्याची. शाळेच्या हजेरीत २३ पोरं आहेत. पोर्टलवर १७ दिसतात, कारण सहा जणांचं आधार 'इनव्हॅलिड' आहे. कोणाचा जन्म गुजरातेत ऊसतोडीच्या पालात झालेला, दाखलाच नाही, कोणाचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, एका पोरीच्या आधारवर तर आईच्या नावाच्या जागी आजीचं नाव आहे. गुरुजी स्वतःच्या मोटारसायकलवर एकेकाला घेऊन तालुक्याला आधार सेंटरला जातात, तिथे कधी सर्व्हर डाऊन, कधी बोटांचे ठसे उमटत नाहीत, परत यायचं. पोरगं वर्गात मांडी घालून बसलंय, पाढे म्हणतंय, खिचडी खातंय आणि कागदावर ते नाहीच. आणि २० च्या खाली पट म्हणून शाळा बंद! २३ हा आकडा २० पेक्षा मोठा आहे हे त्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही येतं.

दुसरी तक्रार तुमच्या पडताळणीची, आणि इथे मला 'बनगरवाडी' आठवते, व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर बंद पडल्यासारखी शाळा चालू करायला जातो. लोक म्हणतात पोरं शाळेत बसली तर मेंढरं कोण राखणार. तो घरोघर फिरतो, कारभाऱ्याला विश्वासात घेतो, हळूहळू पोरं येतात, वाडी त्याला आपला मानायला लागते. मग दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते, शाळा ओस पडते आणि शेवटी मास्तरही निघतो. मी ही गोष्ट वस्तीतल्या पोरांना सोपी करून सांगितली होती. चौथीतल्या एकाने विचारलं, "मग ती पोरं परत नाही आली?" मी म्हटलं पुस्तकात नाही सांगितलं. तो म्हणाला, "आमी तर येतो. आखाजीला." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया.

साहेब, तुमचं पडताळणीचं पथक डिसेंबरात आलं. दिवाळी झाली की मजूर गोळा करून नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या वस्तीवर लागतात, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते, कोयत्याची जोडी म्हणजे नवरा-बायको बारडोली-सुरतेकडच्या ऊसात जातात आणि मागे सांभाळायला कोणी नसलं की पोरंही गाडीत. ही काही गुप्त माहिती नाही, नंदुरबार-धुळ्याच्या कोणत्याही एसटी कंडक्टरला विचारा. त्या दिवशी वर्गात नऊ पोरं होती आणि पथकाने ती नऊ लिहून नेली. रकान्यात कारण लिहायला जागाच नव्हती म्हणतात. पोरं मार्च-एप्रिलात परत येणार, आखाजीला इकडे सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, नवं साल ठरतं, तोवर वस्ती भरलेली असते. मोजायचं होतं तर तेव्हा मोजायचं.

आणि पोरं जाऊच नयेत म्हणून सरकारचीच हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आईबाप ऊसाला गेले तरी पोरगं गावात राहील, दोन वेळ जेवेल आणि शाळा शिकेल. त्याचा प्रस्ताव शाळेने वेळेत दिला होता. मंजुरी आली तेव्हा गाड्या जाऊन महिना होऊन गेलेला. जी पोरं तिकडे गेली त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक असतं, ते दाखवलं की जिथे असतील तिथल्या शाळेने बसवून घ्यायचं. गुरुजींनी ते भरून दिलं. पण गुजरातेतल्या शाळेत गुजरातीत शिकवतात हे त्या पत्रकाला कोण सांगणार.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मदत द्यायची होती ती उशिरा दिली आणि त्या उशिरामुळे जो पट कमी दिसला तोच शाळेविरुद्ध पुरावा म्हणून वापरला. माडगूळकरांच्या वाडीत निदान दुष्काळ तरी होता.

तिसरी, अंतर. तुमच्या पत्रात मोठ्या शाळेचं अंतर १.८ किमी लिहिलंय. ते गूगल मॅपवर दोन टिंबं जोडून काढलेलं असणार, कारण पायवाटेने ते तीनच्या वर भरतं आणि मध्ये नाला आहे. जून ते सप्टेंबर तो नाला कधी गुडघ्याएवढा, कधी छातीएवढा, वर डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही लोंढा येतो. सहा वर्षांचं पोरगं हा नाला ओलांडून रोज जाईल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जुलैत यावं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आपल्या राज्याच्या नियमात लहान वर्गांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा म्हटलंय, ते काही मी घरी बसून ठरवलेलं नाही.

प्रवासाची सोय करू असं पत्रात शेवटी एका ओळीत आहे. कशाने करणार? अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट आहे पण तो पाचवीपासून पुढे, आणि ही पोरं पहिली ते चौथीची. शिवाय एसटी वस्तीपर्यंत येतच नाही, फाट्यावर थांबते. वाहतूक भत्ता देऊ म्हणाल तर तो खात्यात कधी पडेल याच्या भरवशावर कोणता रिक्षावाला जूनपासून पोरं नेईल? आणि नेणारा मिळाला तरी मुलीचं काय होतं ते मला माहितीय, पहिले पंधरा दिवस जाईल, मग घरी लहान भावाला बघायला कोणी नाही म्हणून थांबेल, आणि मग ती सुटेल, कोणी सोड न म्हणता.

चौथी, भाषा. पोरं घरात पावरी बोलतात. बाजारात अहिराणी कानावर पडते. पुस्तक पुण्याच्या मराठीत. आत्ताचे गुरुजी इतकी वर्षं राहून पावरी शिकलेत, पहिलीच्या पोराला आधी त्याच्या बोलीत विचारतात मग मराठी शब्द देतात. मोठ्या गावच्या शाळेत पहिलीत आधीच चाळीसच्या जवळपास पोरं आहेत, तिथे हे कोपऱ्यात बसेल आणि सहा महिन्यांनी 'अप्रगत' म्हणून यादीत येईल. तिथल्या मॅडम वाईट आहेत असं मी म्हणत नाही हं, चाळिसात कोणाचंही असंच होईल.

पाचवी, कोणाला विचारलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, हेही त्याच कायद्यात आहे. समितीची बैठक पत्र आल्यावर झाली, आधी नाही, आणि तीही अध्यक्ष सुरतेकडे असताना.

आता तुमची बाजू. ती मी ऐकलीय आणि सगळीच चुकीची नाही. चार वर्ग, एक मास्तर, पोरांना बरोबरीची पोरं नाहीत, खेळायला टीम होत नाही, मोठ्या शाळेत डिजिटल बोर्ड आहे, संगणक आहे. खरंय. एकाच खोलीत पहिलीला अक्षर आणि चौथीला भागाकार शिकवणं किती अवघड असतं ते मी शनिवारी बघते. पण त्याच कायद्यात ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक म्हटलेत, या शाळेत दुसरी जागा कित्येक दिवस रिकामी आहे. आधी मास्तर द्यायचा नाही, मग एकच मास्तर आहे म्हणून शाळा चांगली नाही म्हणायचं, हे बरोबर आहे का तुम्हीच सांगा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या समूह शाळेचं, म्हणजे लहान शाळा एकत्र करून केलेल्या शाळेचं, उदाहरण तुम्ही लोक नेहमी देता. २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय निघाला, राज्यात २० पर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा आहेत आणि त्यात १ लाख ८५ हजारांवर पोरं आहेत हे पेपरात आलं, तेव्हाही तोरणमाळचंच नाव होतं. पण तोरणमाळची शाळा निवासी आहे, पोरं तिथेच राहतात. रोज नाला ओलांडायला लावून त्याला तोरणमाळ म्हणता येत नाही. आणि सहा वर्षांचं पोरगं आईपासून दूर ठेवावं का हा वेगळाच प्रश्न आहे, त्यावर माझं मत तितकं पक्कं नाही, काही घरांना ते परवडतं, काहींना नाही.

कोणी म्हणेल की शाळा दारात असून तरी काय होतं. तेही मान्य. 'फँड्री' बघितला असेल तुम्ही, २०१३ चा, नागराज मंजुळेंचा. जब्याच्या गावात शाळा आहे, तो जातोही, वर्गातली पोरगी आवडते त्याला. पण गावाने डुकरं धरायला बोलावलं की दप्तर बाजूला ठेवून त्याला घरच्यांबरोबर जावं लागतं आणि वर्गातलीच पोरं हसत बघत बसतात. डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, भिंतीवर थोर माणसांची चित्रं, त्यात बाबासाहेबही. शाळा जवळ असणं पुरत नाही हे त्या सिनेमाने कोणाही तज्ज्ञापेक्षा स्पष्ट सांगितलं. पण त्यावरून शाळा लांब नेली तरी चालेल असं उत्तर निघत नाही ना.

त्याच कार्यक्रमात दुसऱ्या एका वक्त्यांनी बहिणाबाईंचा दाखला दिला, की बघा, अक्षरओळख नव्हती तरी केवढं ज्ञान. खान्देशात हे ऐकून ऐकून कान किटले. आसोद्याची ती बाई मोठीच होती, तिच्या नावाने जळगावला विद्यापीठ आहे, कोण नाही म्हणतंय. पण तिची गाणी आपल्यापर्यंत आली कशी? मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली, पुस्तक निघालं १९५२ ला, बाई गेल्यावर. घरात लिहिता येणारं कोणी नसतं तर जात्याबरोबरच संपली असती सगळी. आणि तिच्यासारख्या किती जणींची तशी संपली असतील हे वक्त्यांना का नाही सुचत? स्वतः बहिणाबाईंनी छापखान्यावर कविता केलीय, छापला की कोरा कागदसुद्धा शहाणा होतो असं त्यात म्हटलंय, म्हणजे अक्षराची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होती. न शिकण्याचं कौतुक करायला त्यांना वापरू नका, ही हात जोडून विनंती.

माझं आवडतं उदाहरण मात्र बाहेरचं आहे. चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', १८६०-६१ ची, त्यात पिप नावाच्या पोराचा मेहुणा आहे, 'जो' नावाचा लोहार, भला माणूस. त्याला वाचता येत नाही. पानावर फक्त 'जे' आणि 'ओ' ही आपल्या नावाची दोन अक्षरं सापडली की खूश होतो आणि म्हणतो वाचनात काय मजा आहे. तो का नाही शिकला? त्याचा बाप दारुडा, बायको-पोराला मारायचा, आई पोराला घेऊन पळून जायची, कुठेतरी काम धरायची आणि पोराला शाळेत घालायची, की बाप शोधत यायचा, आरडाओरडा करायचा आणि दोघांना परत न्यायचा. त्यामुळे शिकण्यात जरा अडचण आली, एवढंच म्हणतो तो, तक्रार नाहीच. बाप्या माणूस झाल्यावर बिडी नावाची मुलगी त्याला लिहायला शिकवते. वस्तीत एक आजी आहे, शाळेत पोषण आहार शिजवते, ती पोरांच्या वहीत स्वतःच्या नावातली दोन अक्षरं शोधते आणि बोट ठेवते. तिने ती अक्षरं या वयात, याच शाळेत, खिचडी शिजेपर्यंत दारात बसून उचलली. शाळा हलवली की तिचं कामही जाणार, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

तुम्ही म्हणाल बाई, कथा-कादंबऱ्यांवर प्रशासन चालत नाही. नसेल चालत. जोतिरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं, अडाणी शेतकरी नवरा-बायकोला जोशी कसा लुबाडतो आणि शेवटी ती दोघं रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात, असं. ते त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं होतं आणि कमिटीने नापसंत केलं. कमिटीत कोण कोण होतं ते आज कोणाला आठवत नाही. कमिट्यांना गोष्टी आवडत नाहीत हे जुनंच आहे. पण मग भाषणातही वापरू नका, एवढं तरी करा. कादंबरीत जे असतं ते तुमच्या फॉर्मच्या रकान्यात नसतं, की नाल्याला पाणी कधी येतं, गाडी कोणत्या महिन्यात येते, पोराच्या बाजूने बोलणारं कोण आहे. तेवढ्यासाठीच मी ही सगळी पुस्तकं मध्ये आणली.

आणि हे फक्त वस्तीचं आहे असं समजू नका. आमच्या गावातलेही म्हणतात, "पोऱ्याले शिकाडीसन काय कलेक्टर करनं शे का?" हे म्हणणारे वाईट लोक नाहीत, त्यांनी शिकून घरी बसलेली पोरं बघितलीत, डीएड-बीएड करून केळीच्या गाडीवर हमाली करणारी बघितलीत. त्यांना उत्तर द्यायची माझी ताकद नाही. पण निदान न शिकलेल्याचं काय होतं ते तरी मला माहीत आहे. त्याचं साल आखाजीला दुसरा कोणी ठरवतो, उचलीचा आकडा मुकादम वाचतो, अंगठा तो देतो, आणि हिशोबाच्या दिवशी अजून देणंच निघतं. त्याचं पोरगं मग दहाव्या वर्षी कोयत्याला येतं.

म्हणून मागण्या, साध्या आहेत:

शाळा बंद करायचा आदेश जूनपर्यंत नाही, पूर्णच स्थगित करा, खालची कामं होईपर्यंत.

आधारचं शिबिर वस्तीवर घ्या, मशीन आणि माणूस तिकडे पाठवा, पोरांना तालुक्याला फिरवू नका. तोवर हजेरीतली पोरं हाच पट धरा.

पडताळणी पुन्हा करा, आखाजीनंतरच्या आठवड्यात, व्यवस्थापन समितीच्या पालकांसमोर. सुट्टी लागली असली तरी पोरं वस्तीवरच असतील, हाक मारली की गोळा होतात.

वस्तीपासून मोठ्या शाळेपर्यंतचं अंतर तुमच्यापैकी एकाने पायी चालून लेखी द्यावं. पावसाळ्यात. सोबत मी येईन, गुरुजीही येतील.

दुसऱ्या शिक्षकाची जागा भरा, शक्यतो पावरी येणारा द्या. असे डीएड झालेले पावरा तरुण याच पट्ट्यात बेकार बसलेत.

हंगामी वसतिगृहाची मंजुरी दसऱ्याच्या आत द्या, म्हणजे गाड्या लागायच्या वेळी पोरांना ठेवायला जागा असेल. आजी-आजोबा तयार आहेत, विचारलंय मी.

यातलं काही शक्य नसेल तर का नाही तेही लिहून कळवा, तोंडी निरोप नको. जे उत्तर येईल ते मी वाचनालयाच्या फळ्यावर लावणार आहे, आमच्या बाजूचं असो नसो, जसंच्या तसं, सहीसकट. आणि समितीची पुढची बैठक वस्तीवर घ्यायची असेल तर शाळेची खोली आहे, सतरंजी आमची.

कळावे.

आपली,
एका ड वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल